पक्षिविद्येचें ओझें आणि पायगाडी

कोणत्याहि विद्येचा इतिहास लिहितांना आपण त्या विद्येंतील पंडितांचीं नांवें सांगतों, त्यांचे ग्रंथ सांगतों, त्यांच्यांतील वादहि सांगतों. परंतु त्या विद्येस लागणारें सामान कोण वाहून नेत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रश्न क्षुल्लक दिसतो, पण तसा तो नाहीं. ज्या विद्येचें सामान हत्तीच्या पाठीवरून न्यावें लागतें, ती विद्या हत्ती बाळगणाऱ्याच्याच घरीं राहते. जिचें सामान खांद्यावरच्या पिशवींत मावतें, ती कोणाहि सामान्य गृहस्थाच्या घरीं येऊं शकते. पक्षिनिरीक्षणाच्या बाबतींत हें स्थित्यंतर गेल्या दोनशें वर्षांत आपल्याच दख्खनच्या पठारावर कसें घडून आलें, आणि त्यांत सायकल ह्या अत्यंत साध्या वाहनाचा वांटा किती आहे, हें ह्या लेखांत पाहण्याचा आमचा विचार आहे.

ह्या विचारासाठीं आम्हीं जागा निवडली आहे ती पिंपळे गुरवची. पुण्याच्या वायव्येस, पवना आणि मुळा ह्या दोन नद्यांच्या मधल्या भूमींत वसलेलें हें जुनें गांव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आहे, आणि शेतांच्या जागीं तेथें घरांच्या रांगा उभ्या आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचें नांव फारसें आढळत नाहीं. परंतु गांवाजवळची पवना ओलांडली कीं पलीकडे दापोडी लागते, आणि दापोडीचें नांव मात्र इतिहासांत दोन कारणांनीं आलेलें आहे. पेशव्यांच्या पदरच्या कवायती पलटणीचा इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्ड ह्याचा तळ तेथें होता, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली तेव्हां तो आपली पलटण घेऊन तेथूनच इंग्रजांस जाऊन मिळाला. पुढें मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यानें फोर्डचा बंगला व आवार सरकारकरितां घेतलें, आणि १८२८ च्या सुमारास तेथें वनस्पतिबाग सुरू झाली. १८३८ मध्यें डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्या बागेचा अधीक्षक झाला. १८४७ ते १८५० ह्या काळांत त्यानें एका चित्रकाराकडून तेथील वनस्पतींचीं चित्रें काढून घेतलीं. तीं आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेंत जतन केलेलीं आहेत. चित्रें टिकलीं, चित्रकाराचें नांव मात्र टिकलें नाहीं. १८६५ मध्यें बागहि बंद झाली. सृष्टिज्ञान म्हणजे बंगला, बाग, माळी, चितारी आणि वर सरकारी मान्यता, असा हा काळ होता.

ह्याच काळांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत फिरत होता. १८२४ मध्यें त्याची ह्या कामावर नेमणूक झाली, आणि १८३१ पर्यंत तें काम चाललें. लोकसंख्या, पिकें, सारा, हवामान ह्यांबरोबरच त्यानें येथील जनावरें, मासे आणि पक्षी ह्यांचीहि टांचणें केलीं, आणि १८३२ मध्यें दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रसंस्थेच्या कार्यवृत्तांत छापली गेली. पक्ष्यांचीं नुसतीं नांवें देऊन तो थांबला नाहीं. बुबुळांचा रंग कोणता, पोटांत कोणतें अन्न सांपडलें, असल्या बारीक गोष्टीहि त्यानें नोंदल्या. आज बागेच्या कुंपणांत शेपटी उभारून अखंड वटवट करणारा राखी वटवट्या आपण पाहतों. त्याचें शास्त्रीय नामकरण ह्याच यादींत झालें. त्याचा सख्खा भाऊ शोभणारा साधा वटवट्या, तोहि त्याच यादींतला. म्हणजे आपल्या अंगणांतील पाखराची जगाच्या शास्त्रांतील जन्मपत्रिका आपल्याच पठारावर मांडली गेली; मांडणारा मात्र आपला नव्हता.

असें कां व्हावें? आपल्या लोकांस पक्ष्यांचें ज्ञान नव्हतें, असें कोणी म्हणेल तर तें खरें नाहीं. पावशा 'पेरते व्हा' असें ओरडूं लागला कीं पेरणीची वेळ जवळ आली, हें शेतकऱ्यास कोणा साहेबानें शिकविलेलें नाहीं. टिटवीनें अंडीं उंचावर घातलीं कीं सखल भागांत, ह्यावरून पावसाचा अंदाज बांधणारे म्हातारे प्रत्येक गांवीं असत. पारध्यास तित्तिराचा माग आणि कोळ्यास बगळ्याची खोड पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. परंतु ठाऊक असणें निराळें आणि नोंद असणें निराळें. ज्ञान ज्याच्या मनांत असतें त्याच्याबरोबर तें जातें. नोंद मागें राहते, आणि दुसऱ्यास ती तपासून पाहतां येते. अशी नोंद करावयाची तर त्या काळीं ओझें लागे, आणि तें ओझें वाहण्याची ऐपत पारध्याजवळहि नव्हती आणि पुण्यांतल्या शास्त्र्याजवळहि नव्हती.

हें ओझें कसलें, तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. त्या काळीं दुर्बिणी नव्हत्या असें नाहीं. गलबतांवर आणि सैन्यांत एकनळी दुर्बीण सर्रास वापरांत होती. पण तींतून दिसणारें क्षेत्र अरुंद. हात जरा हलला, कीं फांदीवरचें पाखरूं नाहींसें होई. दोन नळ्यांच्या साध्या दुर्बिणींत वस्तु फारशी मोठी दिसत नसे. तेव्हां पाखरूं नीट पाहावयाचें म्हणजे तें हातांत आलें पाहिजे, आणि हातांत यावयाचें म्हणजे तें मेलें पाहिजे. बंदूक हाच पक्षिशास्त्राचा चष्मा होता. बंदुकीमागोमाग दारू आणि छरे आले. मेलेलें पाखरूं दख्खनच्या उन्हांत कुजूं नये म्हणून तें सोलणारा कसबी माणूस आला. कातडें टिकावें म्हणून सोमल घातलेला साबण आणि आंत भरावयास कापूस आला. उंदीर-मुंग्यांपासून बचाव व्हावा म्हणून पेट्या आल्या. आणि ह्या सर्वांसाठीं तंबू, गाड्या, बैल आणि चाकर आले.

ह्या ओझ्याची परमावधि पाहावयाची असल्यास ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्याच्याकडे पाहावें. १८८५ मध्यें राष्ट्रसभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारा तोच हा ह्यूम. १८७२ मध्यें त्यानें हिंदुस्थानांतील पक्ष्यांसाठीं 'स्ट्रे फेदर्स' नांवाचें नियतकालिक सुरू केलें. १८७८ मध्यें डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी आणि वेंडन हा इंजिनिअर ह्या दोघांनीं दख्खनच्या पक्ष्यांविषयींचा आपला लेख ह्याच नियतकालिकांत छापला. ह्यूमनें जमविलेला पक्ष्यांचा संग्रह १८८५ मध्यें त्यानें ब्रिटिश म्युझिअमला देऊन टाकला. तो सिमल्याहून हलविण्यासाठीं देवदाराच्या ४७ पेट्या कराव्या लागल्या, आणि प्रत्येक पेटीचें वजन सुमारें अर्धा टन भरलें. बैलगाड्यांतून त्या डोंगर उतरून काल्क्यास आल्या, आणि तेथून मुंबई बंदरावाटे विलायतेस गेल्या. ७५ हजारांहून अधिक नमुने! त्या संग्रहाचें शास्त्रीय मोल आजहि मोठें आहे, ह्यांत शंका नाहीं. पण जी विद्या सत्तेचाळीस पेट्यांतून प्रवास करते, ती सामान्य माणसाच्या दारावरून जाते, घरांत येत नाहीं.

ही विद्या घरांत आणण्याचा पहिला प्रयत्न मुंबईस झाला. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं एकत्र येऊन 'बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून संस्थेचें नियतकालिक निघूं लागलें. ह्याच संस्थेच्या दारीं १९०८ मध्यें एक मुलगा हवेच्या बंदुकीनें मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन तिचें नांव विचारण्यास गेला. तो मुलगा म्हणजे सालिम अली (१८९६–१९८७). संस्थेचे मानद चिटणीस मिलर्ड ह्यांनीं त्याला कपाटांतील पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला. दार उघडलें, ही गोष्ट मोठीच होती. पण पाखराचें नांव विचारावयाचें तर तें अद्यापि मारूनच न्यावें लागत होतें, हेंहि ह्या प्रसंगावरून लक्षांत येतें.

ओझें उतरविण्याचें काम दोन शोधांनीं केलें, आणि मौज अशी कीं त्यांतील एकहि शोध पक्ष्यांसाठीं लागलेला नव्हता. पहिला शोध सायकलीचा. पुढें भलें मोठें चाक आणि मागें चिमुकलें, अशा आरंभींच्या सायकलीवर स्वतःस सांवरतांनाच मनुष्य मेटाकुटीस येई. सामानाची गोष्टच नको. १८८५ मध्यें इंग्लंडांत स्टार्ली ह्यानें दोन्ही चाकें सारखीं असलेली आणि सांखळीनें चालणारी सायकल बाजारांत आणली, आणि १८८८ मध्यें डनलॉप ह्यानें हवा भरलेली धांव काढली. पहिल्यानें सायकलीस स्थैर्य आलें, दुसऱ्यानें धक्का कमी झाला. ह्या दोन गुणांवांचून सायकलीवरून नाजूक भिंगें नेण्याची कल्पनाहि शक्य नव्हती. दुसरा शोध लोलकाच्या दुर्बिणीचा. लोलकांनीं प्रकाश मुरडून नळी आंखूड करण्याची युक्ति इटलींतील पोर्रो ह्यानें १८५४ मध्येंच काढली होती. परंतु उत्तम कांच मिळून ती युक्ति व्यवहारांत उतरण्यास १८९४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं जर्मनींतील येना येथील झाइस कारखान्यानें अशा जोड-दुर्बिणी विक्रीस काढल्या. आतां आठपट जवळचें दृश्य दोन्ही डोळ्यांनीं, रुंद क्षेत्रांत आणि हातांत मावणाऱ्या यंत्रांतून दिसूं लागलें. ह्यानंतर सातच वर्षांनीं, १९०१ मध्यें, एडमंड सिलूस ह्या इंग्रज लेखकाचें पक्षिनिरीक्षणावरील पुस्तक निघालें, आणि बंदूक खालीं ठेवून नुसतें पाहण्याच्या ह्या छंदास इंग्रजींत तेव्हांपासून स्वतंत्र नांव मिळालें.

आपल्याकडे हे दोन्ही शोध एकदम सर्वांच्या हातीं आले नाहींत. पूर्वीच्या मराठींत सायकलीस 'पायगाडी' असें सार्थ नांव होतें. परंतु त्या काळीं रॅले, हंबर अशा विलायती पायगाड्या घेणें हें वकील-डॉक्टरांचें काम होतें. हळूहळू त्या कारकुनाकडे, शिक्षकाकडे, कॉलेजांतील विद्यार्थ्याकडे आल्या; तासाच्या भाड्यानें सायकल देणारीं दुकानें पेठापेठांतून निघालीं; आणि पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाऊं लागलें. स्वातंत्र्यानंतर मद्रासेस टी. आय. सायकल्स (१९४९), सोनिपतला ॲटलस (१९५१) आणि लुधियानास हीरो (१९५६) हे देशी कारखाने उभे राहिले. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, आणि पाठोपाठ आकुर्डी-चिंचवडच्या बाजूस मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले. कामाची पाळी सुटली कीं मुंबई-पुणें रस्ता सायकलींनीं भरून जाई. ज्या पवनाकांठीं एके काळीं गव्हर्नराच्या गाड्या फिरत, तेथें आतां हँडलाला डबा अडकविलेला कामगार फिरूं लागला. वाहन त्याच्या हातीं आलें; पुस्तक त्याच्या आधींच निघालें होतें.

तें पुस्तक १९४१ सालचें. सालिम अलींनीं हिंदुस्थानांतील पक्ष्यांवर इंग्रजींत लिहिलेलें, रंगीत चित्रांचें तें पुस्तक हातांत धरून झाडाखालीं उभें राहतां येई. पुढें रिप्ले ह्यांच्यासह त्यांनीं १९६८ ते १९७४ ह्या काळांत दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला. पण दहा खंड घरच्या कपाटासाठीं, आणि १९४१ चें पुस्तक बाहेरच्या वाटेसाठीं. स्वतः सालिम अलींस वेड होतें तें मोटरसायकलचें; १९५० मध्यें स्वीडनमधील उप्साला येथील पक्षिशास्त्रपरिषदेस जातांना त्यांनीं आपली मोटरसायकल बरोबर नेली होती. परंतु त्यांच्या अत्यंत मोलाच्या कामांपैकीं एक झालें तें अलिबागजवळच्या किहीमला, घरापासून थोड्याच अंतरावर. १९३० मध्यें तेथें त्यांनीं सुगरणीच्या घरट्यांवर दिवसचे दिवस लक्ष ठेवलें. नर घरटें अर्धें विणतो, मादी तें पाहून पसंत करते, आणि ती अंडीं उबवावयास बसली कीं नर दुसरें घरटें विणावयास घेऊन दुसरीची वाट पाहतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. सुगरणीचें घरटें लहानपणापासून पाहिलेलें नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. तरीहि तें विणणारा नर असतो, हें किती जणांस ठाऊक असतें? ह्या शोधास लागलें तें भांडवल म्हणजे एकाच जागीं पुनःपुन्हा जाण्याची चिकाटी. आणि एकाच जागीं पुनःपुन्हा, बिनखर्चानें जाण्यास सायकलीसारखें दुसरें वाहन नाहीं.

आतां ह्या सायकलीवर सामान न्यावें कसें, ह्याचाहि विचार करूं. कारण इतिहासाचा उपयोग शेवटीं व्यवहारांत झाला पाहिजे. ही कला पक्षिनिरीक्षकास नव्यानें शोधावी लागत नाहीं. गवळ्यानें दुधाच्या किटल्या, पाववाल्यानें पत्र्याची पेटी आणि मुंबईच्या डबेवाल्यानें डब्यांचे झुबके सायकलीस कसे अडकवावेत हें केव्हांच सिद्ध केलें आहे. आणि हे डबेवाले बहुतेक मावळ, खेड, जुन्नर ह्या आपल्याच बाजूचे. त्यांचें सूत्र एकच: ओझें खालीं असावें, दोन्ही बाजूंस सारखें असावें, आणि तें हलूं नये. पक्षिनिरीक्षकास ह्यांत एकाच गोष्टीची भर घालावी लागते, ती म्हणजे भिंगांची काळजी.

दुर्बिणीवर ८ × ३० असे आंकडे असतात, त्यांचा अर्थ असा, कीं वस्तु आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ३० मिलिमीटर आहे. दुसऱ्या आंकड्यास पहिल्यानें भागलें असतां डोळ्याशीं येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास निघतो. येथें तो पावणेचार मिलिमीटर आहे. ७ × ५० च्या दुर्बिणींत तो सात मिलिमीटरांहून किंचित् अधिक असतो, म्हणून पहाटेच्या अंधुक उजेडांत ती सरस ठरते. पण तिचें वजन किलोच्या घरांत जातें, तर पहिली अर्ध्या-पाऊण किलोंत भागते. सायकलस्वारानें पहिली घ्यावी. ती मागच्या कॅरिअरवर कधींहि बांधूं नये. खड्ड्याचा धक्का कॅरिअरवर जसाच्या तसा पोंचतो, आंतील लोलक जागचे सरतात, आणि मग दोन डोळ्यांस दोन निरनिराळीं पाखरें दिसूं लागतात. मनुष्याचें शरीर हीच उत्तम स्प्रिंग होय. पट्टा एका खांद्यावरून तिरपा घेऊन दुर्बीण काखेमागें पाठीशीं टेकवावी. गळ्यांत सरळ सोडल्यास ती हँडलावर आपटते. तिपाई न्यावयाची असल्यास ती जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनीं दांड्यास समांतर बांधावी. कॅरिअरवर पाणी, पंक्चरचें सामान आणि पुस्तक ठेवावें. वहीबरोबर शिसपेन्सिल असावी. पावसांत शाई पसरते, शिसें पसरत नाहीं. पावसाळ्यांत घरीं आल्यावर दुर्बीण ओल्या चामड्याच्या घरांत कोंडून ठेवूं नये. भिंगांस बुरशी धरते, आणि ती मग सहसा जात नाहीं. दमट हवा शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ती झांकणाच्या कोरड्या डब्यांत ठेवावी. एवढें सगळें सामान मिळून तीन-चार किलोंहून अधिक होत नाहीं. ह्यूमच्या सत्तेचाळीस पेट्यांपुढें हें ओझें ठेवून पाहावें, म्हणजे गेल्या दीडशें वर्षांत काय घडलें तें समजेल.

ह्यावर कोणी आक्षेप घेईल, कीं सायकलीवरून पक्षी दिसतातच कोठें? चालकाचें लक्ष रस्त्यावर. आणि उभ्या मोटारीस पक्षी जितके बुजत नाहींत तितके माणसास बुजतात, हा तर सर्वांचा अनुभव आहे. आक्षेप रास्त आहे. सायकलीवरून पाहावयाचें नसतें. सायकलीनें जावयाचें आणि उतरून, उभें राहून पाहावयाचें असतें. तिचा गुण असा, कीं तिच्यामुळें पांच-सहा मैलांचा एक परीघ आपल्या मालकीचा होतो. पिंपळे गुरवहून निघालें असतां पवनेचा कांठ, सांगवी-दापोडीकडील मुळा-पवनेचा संगम, औंधकडील मुळेचें पात्र, आणि जरा नेट लावल्यास पाषाणचा तलाव, इतकीं स्थळें ह्या परिघांत येतात. शेकाट्या, टिटवी, धोबी, खंड्या, ढोकरी, राखी बगळा, पाणकावळा ही मंडळी भेटण्यास कोणत्याहि अभयारण्याचें तिकीट काढावें लागत नाहीं. मोटारीनें मनुष्य वर्षांतून एकदां दूरच्या रानांत जातो आणि नवे पक्षी पाहून येतो. सायकलीनें तो दर आठवड्यास त्याच कांठावर जातो आणि जुन्या पक्ष्यांत झालेला बदल पाहतो. पहिल्यांत आनंद अधिक असेल. ज्ञान दुसऱ्यांत अधिक आहे.

बंदुकीच्या युगांतून पायगाडीच्या युगांत येणें म्हणजे काय, ह्याचें सर्वांत ठळक उदाहरण राजस्थानांतील भरतपूर येथें आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो ह्यांच्या सन्मानार्थ तेथील केवलादेव घनामध्यें शिकार झाली, आणि एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. हा आंकडा तेथील दगडावर अभिमानानें कोरलेला आहे. पुढें तेंच स्थळ राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९८५ मध्यें जागतिक वारशांत गणलें गेलें. आज तेथें पाहुणे पायीं, सायकलीवर वा रिक्षांत बसून पक्षी पाहतात, आणि पायरिक्षा ओढणारे लोकच पक्ष्यांचीं नांवें सांगणारे वाटाडे झाले. ज्या पाणथळींत पाहुण्यांची योग्यता पडलेल्या पक्ष्यांवरून मोजली गेली, तेथें रिक्षावाला शिक्षक व्हावा, हें परिवर्तन लहान नव्हे.

परंतु अलीकडे एक उलटा प्रवाह सुरू झालेला आम्हांस दिसतो. पक्षिनिरीक्षणाचें ओझें पुन्हां वाढूं लागलें आहे. लांब पल्ल्याचें भिंग, कॅमेरा, भक्कम तिपाई हें सर्व घेऊन निघावयाचें तर सायकल पुरत नाहीं. मोटार लागते, आणि त्या सामानाची किंमत सामान्य कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या मिळकतीइतकी होते. छायाचित्रांचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. संशय फेडण्यास त्यासारखा पुरावा नाहीं. पण छायाचित्र नसेल तर पाहिलेलें खरें नाहीं अशी समजूत रूढ झाली, तर एके काळीं बंदुकीजवळ जी सत्ता होती तीच कॅमेऱ्याकडे जाईल, आणि ज्याच्याजवळ केवळ डोळे आणि वही आहे तो पुन्हां दाराबाहेर उभा राहील.

तसें होणें किती हानिकारक आहे, हें एका आधुनिक उदाहरणावरून स्पष्ट होतें. २०२३ मध्यें भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीवर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत ९४२ जातींचा विचार केलेला आहे, आणि त्याचा पाया म्हणजे तीस हजारांहून अधिक निरीक्षकांनीं केलेल्या तीन कोटींवर नोंदी. ह्या निरीक्षकांत व्यवसायानें शास्त्रज्ञ असलेले थोडे. उरलेले शिक्षक, विद्यार्थी, नोकरदार, गृहिणी असे तुमच्या-आमच्यांतलेच. दीर्घकालीन कल ज्यांचा ठरवितां आला अशा ३३८ जातींपैकीं ६० टक्के जातींची संख्या घटल्याचें त्यांत दिसून आलें. साइक्सची यादी एका अधिकाऱ्याची होती. ही यादी लोकांची आहे. ओझें हलकें झालें नसतें तर ती तयार झालीच नसती. आणि मराठींत पक्ष्यांचीं नांवें जमवून 'पक्षिकोश' रचणारे मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांच्यासारख्यांच्या परिश्रमानें ही विद्या आतां आपल्या भाषेंतहि उतरली आहे. नांव भाषेंत असलें म्हणजे पोरासहि वहींत लिहितां येतें.

पवनेच्या कांठीं आज जें चाललें आहे तें पाहतां अशा वह्यांची गरज पूर्वींपेक्षां अधिक आहे. पाणी मैलें झालें आहे, जलपर्णी पात्र झांकते, आणि कांठच्या झाडीच्या जागीं भिंती येत आहेत. सांडपाण्याच्या पात्रांतहि पक्षी दिसतात, म्हणून सर्व ठीक आहे असें वरवर पाहणारास वाटतें. परंतु चिखलांतील किड्यांवर जगणारा शेकाट्या वाढला आणि स्वच्छ पाण्यांत मासे टिपणारा कवड्या खंड्या कमी झाला, तर नदीनें आपली प्रकृति सांगितलीच म्हणावयाची. हा फरक एका फेरींत कळत नाहीं. तो दहा वर्षांच्या वहींतून कळतो, आणि अशी वही ठेवणारा मनुष्य त्या कांठापासून पाऊण तासाच्या आंत राहणाराच असावा लागतो. ज्या पक्ष्याची नोंदच नव्हती तो गेला, तर त्याच्या जाण्याचीहि नोंद होत नाहीं. नगररचनेच्या नकाशावर तर तो पूर्वींहि नव्हता.

ह्या कामास आड येणारी मोठी अडचण आतां भिंगाची किंवा पुस्तकाची राहिलेली नाहीं; ती रस्त्याची आहे. ज्या शहरांनीं सायकलीवर आपले कारखाने चालविले, त्याच शहरांत आज सायकलस्वारास जीव मुठींत धरून कडेकडेनें जावें लागतें. मुलास दुर्बीण घेऊन देणारे आईबाप त्याला सायकलीनें नदीकांठीं पाठविण्यास धजत नाहींत, आणि त्यांस दोष तरी कसा द्यावा? म्हणून सायकलीसाठीं सुरक्षित वाट मागणें ही केवळ वाहतुकीची मागणी नसून विद्येचीहि मागणी आहे, हें नगरपित्यांच्या आणि नागरिकांच्याहि ध्यानीं आलें पाहिजे.

असो. इतक्या विवेचनाचें तात्पर्य हेंच, कीं राखी वटवट्याचें नांव शास्त्रांत नोंदविण्यास दख्खनभर फिरणारा एक कर्नल आणि त्याचा लवाजमा लागला; त्याच वटवट्याचें पुढें काय झालें हें लिहिण्यास आतां एक मध्यम प्रतीची दुर्बीण, एक वही आणि हवा भरलेलीं दोन चाकें पुरतात. ज्या घरीं हीं तीन साधनें आहेत त्या घरांतील वडील माणसांस आमची एवढीच विनंति आहे, कीं रविवारच्या एका सकाळीं मुलांबरोबर स्वतः निघावें, नदीचा एकच कांठ निवडावा, आणि पहिल्या पानावर तारीख घालावी. पुढचीं पानें पक्षी भरतील.